अक्षरसूर, जालना रोड शाखा

४ मार्च
नाशिकची शाखा बंद. ‘अक्षरसूर’च्या चौदा दुकानांपैकी आता तीनच उरली, त्यात आमचं. पुस्तकं, सीड्या, सिनेमे विकायला तसा मॅनेजर लागतो. संकल्प: रोज वीस गिऱ्हाईकं.

५ मार्च
दोन आली. एकानं बायकोला सीडी दाखवली, आपल्या वेळी असं मिळायचं म्हणाला, परत ठेवली. आवड आहे लोकांना.

११ मार्च
म्युझिक काउंटरच्या सत्यशीलाला बजाजनगरच्या कंपनीत स्टोअरकीपरची जागा मिळतेय. सोमवारपर्यंत कळवायचंय. नवरा घरी बसलाय, घर तिच्यावरच. समजावलं, तिथं नटबोल्ट मोजशील, इथं कला आहे. म्हणाली, सर, दुकान राहील ना? माझ्यावर भरोसा ठेव म्हणालो.

१७ मार्च
तिनं कंपनीला नकार कळवला. माणसं जोडायची हातोटी लागते.

२१ मार्च
हेड ऑफिसनं एसी बंद करायला लावला, अर्धे लाईटही. मंद उजेडात वाचायचा मूड येतो. तिकडं कुणी फोन उचलत नाय. मार्च एंडची गडबड असणार.

२४ मार्च, दुपारी
दोघं टेप घेऊन आले. भिंती मोजल्या, फरशीवर खडूनं खुणा केल्या. माझ्याशी एक शब्द नाय. सत्यशीलानं विचारलं त्यांना. बुटांचं शोरूम येतंय म्हणे. तिला म्हणालो, आपल्याच एका कोपऱ्यात जागा देत असतील. त्यांना चहा पाजला.

२९ मार्च
टेम्पो आला, सगळा स्टॉक नेला. नवा माल यायचा तर जागा लागणारच. बोललं की आवाज लई घुमतो. सत्यशीला दिवसभर रिकामे रॅक पुसत होती.

१ एप्रिल, सकाळी १०
शटरला दुसऱ्याचं कुलूप. आजचा दिवस बघून कुणीतरी गंमत करतंय, असं तिला म्हणालो. तिनं तिथंच पायरीवर बसून कंपनीला फोन लावला. जागा भरली. उठली, ओढणी झटकली, रिक्षात बसली. मला येते म्हणाली नाय.

३ एप्रिल
तिच्यासाठी शब्द टाकायला बजाजनगरला गेलो. आपलं वजन आहे. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, कोण तुम्ही? बिभीषण सांडू, मॅनेजर. त्यानं रजिस्टर पुढं सरकवलं. नाव लिहिलं. पुढचा रकाना कंपनीच्या नावाचा. पेन धरून उभा राहिलो. वॉचमन म्हणाला, काका, कामाला आला असाल तर लाईन तिकडं आहे.

उभा राहिलो लाईनीत.