यानाची शिडी

मयूर विहार, २२ ऑक्टोबर १९९६, संध्याकाळ

दामलेकाकांना मनातल्या मनात दहा नमस्कार घालून झाले, तरी समाधान होत नाहीये.

तीन आठवडे मी एका सिनेमासाठी अंतराळयानाचं मॉडेल बनवत मरतेय आणि डायरेक्टर रोज एकच म्हणतो, "छोटा लग रहा है, यार." दिवे वाढवले, तोफा लावल्या, तरी ते दोन फुटी मॉडेल खेळणंच दिसायचं. उद्या पास झालं नाही तर काम दुसऱ्याला जाणार. म्हणून आज ते घरी आणलं.

समोरच्या फ्लॅटमधले दामलेकाका आमच्याकडे ठेवलेली त्यांची किल्ली न्यायला आले. सरकारी ड्राफ्ट्समन, जन्मभर नव्या वसाहतींच्या पाण्याच्या टाक्यांची ड्रॉइंग्ज काढली. यान बघून म्हणाले, "यावर चढायचं कुठून?"

"अंतराळात कोण चढणार, काका?"

"बिघडेल ना कधीतरी!"

मग माझ्या फणीचे दात तोडून त्यांनी बोटभर शिडी केली आणि यानाच्या पोटावर चिकटवली. बस! शिडीवरून माणसाचं माप कळलं आणि यान एकदम चार मजली झालं. एवढीशी शिडी. मला का नाही सुचली?

फक्त तिची पहिली पायरी फारच वर होती. म्हटलं, "काका, खालच्या पायऱ्या राहिल्या."

"राहिल्या नाहीत. टाकीला अशीच ठेवतो आम्ही. नाहीतर मुलं चढतात."

मी खूप हसले. ते गेल्यावर मात्र त्या शिडीखालच्या मोकळ्या जागेकडेच बघत बसलेय. माझ्या यानात कॅप्टन होता, सैनिक होते. मुलंही असतील, हे मला आजच कळलं.