वलांड्यांच्या जागी दोन खोल्या

६ जानेवारी
जेवताना हेमंतने स्वतःहूनच विषय काढला. "ताई, मागच्या अंगणात दोन खोल्या बांध ना. आपलंच आहे." वहिनीने मान हलवली. मे महिन्यात रोहनचं लग्न, त्यांना सून येणार, तिला खोली लागणार. हे कोणी बोललं नाही. नवऱ्याला सोडून माहेरी आले त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून मी आईबरोबर बाहेरच्या खोलीत. कपाट जिन्याखाली. लग्न करून पाहिलं, आता घर बांधून पाहू! वह्या तपासायच्या राहिल्या.

८ जाने.
अंगण पावलांनी मोजलं. सकाळी एकदा, शाळेतून आल्यावर दोनदा. आकडा दर वेळी वेगळा, कारण बोंबील सुकवायच्या वलांड्या आडव्या येतात. त्या बांबूंवर गल्लीतल्या पाच जणींचे बोंबील असतात, आमचा एकही नाही. त्यांतल्या लीलामावशी हसल्या, "काय गो, काय हरवलं?" मला माझं दार हवंय. बस्स. आतून कडी लावता येईल असं.

१० जाने.
अर्धी रजा. वॉर्ड ऑफिसला गेले. इंजिनीअर बरा माणूस. एका प्लॉटवर दुसरं घर होऊ शकतं म्हणाला, पण हद्दीपासून अंतर सोडा, आगीचा बंब शिरेल एवढी वाट ठेवा, जुन्या घराचा नकाशा आणा. सगळं लिहून घेतलं. मग त्याने काँप्युटरवर आमचं घर काढलं नि थांबला.
"मॅडम, घर तुमचं. मागची जागा सगळ्यांची म्हणून नोंदलीय, मासळी सुकवायची. तिथे वीटसुद्धा नाही लावता येणार."
चूक असेल म्हटलं. तर म्हणे सर्व्हेच्या वेळी घरच्यांनीच सांगितलंय. सही दाखवली. आईची.

११ जाने.
आईला सगळं चांगलं आठवतं. "तो सायेब टेप घेऊन आलता. आंगन कोनाचं, इचारलं. मी बोलले, सगल्यांचं. माजी सासू बी तेच बोलायची." वर त्याला चहा पाजला! हात दाखवून अवलक्षण.
मी खूप ओरडले. नको तेवढी. ती शेजारणींचे बोंबील उलटत राहिली. "सुकवायला आलेल्या बाईला आपलं आंगन हाय असं बोलायचं नाय, बाय."
अजून राग आहे. तिचा, की...

१५ जाने.
तोडगा निघतोय. पाचही जणींनी लिहून द्यायचं, आमचा या जागेवर हक्क नाही. खाली आईने, की आपण आधी चुकून तसं सांगितलं. मग दुरुस्तीचा अर्ज घेतील. टाइप करून आणलं, आईला वाचायला दिलं. 'चुकून'वर तिने पेन खाली ठेवलं. "चुकून नाय सांगितलं."
हेमंत म्हणतो, समजावू आपण. समजाव जा.

१८ जाने.
लीलामावशींनी न वाचताच सही केली. "तुज्या घरासाठी ना? दे." मग सुकवणार कुठे, विचारलं. "बगू. गच्चीवर. कावले हायेत, पन बगू." चार सह्या झाल्या. पाचवीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. वर्गात मुलांवर उगाच खेकसले. कुठेच बसवत नाही.

२१ जाने.
सकाळी अर्ज माझ्या पर्सवर ठेवलेला. आईची सही आहे. 'चुकून' मात्र खोडलंय, दोनदा. बाकी सगळं तसंच.
बाहेर पाचही जणी ओल्या टोपल्या घेऊन उभ्या. लीलामावशी म्हणाल्या, "वलांड्या कधी काढायच्या?"
आई म्हणाली, "मना नको इचारू. घर हिचं हाय."
सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला एकदम रडूच आलं, आणि त्याचाही राग आला. म्हटलं, आजचे घाला. मग मीच टोपलीशी बसले, दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर टाकत राहिले. लहानपणी करायचे, हात विसरले नाहीत. शाळेला उशीर झाला.
अर्ज पर्समध्ये आहे. बोंबील सुकायला तीन दिवस लागतात.