दोन मिस कॉल

८ सप्टेंबर, सोमवार

बॅग पुन्हा उपसली. काट्यावर चढवली, उतरवली, परत चढवली. काटा काही ऐकत नाही! दीक्षा म्हणते मसाला काढ. मी म्हणते पुस्तकं काढ. शेवटी स्वेटर बाहेर आला — तो अंगावर घालून जाईल — आणि काळा मसाला, जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी आत राहिली.

हे दारात उभे राहून बघत होते. "शिकायला चाललीय की खानावळ काढायला?"

यांचं असंच. एकुलती एक मुलगी उद्या ग्लासगोला निघणार, आणि यांच्या तोंडातून एक धड वाक्य निघेल तर शपथ.

पायाचे तुकडे पडलेत. चौथीचा वर्ग, त्यावर मतदार यादीचं काम. शिकवायचं कधी ते महापालिकेने एकदा सांगावं. आज तिच्याजवळ बसायचं होतं, तर बसल्या बसल्या माझाच डोळा लागला.

९ सप्टेंबर, मंगळवार

गेली.

संध्याकाळी वंदना घेतली. बुद्धांसमोर, बाबासाहेबांसमोर मेणबत्ती लावली. ती पाया पडायला वाकली तेव्हा मी मेणबत्तीची वातच सारखी करत बसले. गाडीत बॅगांनी जागा खाल्ली, सोबत एकालाच बसता येत होतं. हे म्हणाले, "तू जा मुंबईपर्यंत, मी थांबतो." मीच नको म्हटलं. विमानतळावर मी तमाशा केला असता आणि पोरीला लाज आणली असती.

तिला शेवटचं काय सांगितलं? "पोचलीस की मिस कॉल दे." बास. एवढंच सुचलं!

ही आमच्या घरची जुनी रीत. ती अकरावीत क्लासला जायला लागली तेव्हा यांनी ठरवून दिलेली. एक मिस कॉल म्हणजे पोचले. लगोलग दोन म्हणजे न्यायला या. कारण विचारायचं नाही, उलट फोन करायचा नाही, सरळ निघायचं. मग बस चुकलेली असो, कोणी मागे लागलेलं असो, की नुसता कंटाळा आलेला असो. स्वारगेटला म्हणू नका, डेक्कनला म्हणू नका, दोन मिस कॉल आले की हे स्कूटरची चावी खुंटीवरून ओढून जिन्यात. एकदा अर्धी दाढी केलेली, अर्ध्या गालाला साबण, तसेच गेले! दीक्षाच्या मैत्रिणी अजून हसतात.

आता फोन फुकट झाले, सगळं झालं. सवय तेवढी राहिली.

१० सप्टेंबर, बुधवार

हे सकाळी मुंबईहून परत आले. स्वारगेटहून चालत आल्यासारखा चेहरा.

"गेली?"

"गेली."

"रडली का?"

"काचेपलीकडचं काय दिसतंय."

आंघोळ करून ऑफिसला गेले. पाटबंधारे खातं यांच्यावाचून बुडालं असतं ना एक दिवस!

माझी दुपारची शाळा. फोन कपाटात, लक्ष फोनात. भागाकार शिकवताना माझीच बाकी चुकली, पोरांनी दाखवली. शाळा सुटल्यावर फोन काढला. परदेशातला नंबर. मिस कॉल.

दोन.

लगोलग दोन!

मी तिथेच पोरांच्या बाकावर बसले. उलट फोन केला, लागेना. परत केला. लागेना. रिक्षाने घरी आले. गणपती जाऊन चार दिवस झाले तरी मंडपांचे खड्डे तसेच, रिक्षा आदळतेय आणि माझ्या मनात एकच — ती कुठेतरी उभी आहे आणि न्यायला या म्हणतेय. कुठे उभी आहे तेही मला माहीत नाही.

हे आले. फोन समोर धरला. यांनी पाहिलं आणि हात खुंटीकडे गेला. चावी काढलीसुद्धा. मग चावीकडे बघत राहिले, परत अडकवली.

"नेटवर्क असेल. पहिला लागला नाही वाटून दुसरा केला असेल."

थोड्या वेळाने तिचा मेसेज आला. "पोचले. नंतर बोलते."

"बघ," हे म्हणाले.

काय बघ?

११ सप्टेंबर, गुरुवार

बोलली. हे भाजी आणायला गेले होते तेव्हाच बोलली, ते बरं झालं की वाईट, कळत नाही.

खोली दाखवली. पलंग, टेबल, खिडकीबाहेर विटांची भिंत. खोलीची चावी म्हणे एका यंत्रातून मिळाली, नंबर दाबला की पेटी उघडते. "कोणी 'ये' म्हणायला सुद्धा नव्हतं, आई." चार खोल्यांना मिळून एक स्वयंपाकघर. चारही दारं बंद.

विमानतळावरून बसने निघाली. ड्रायव्हर काहीतरी बोलला. इंग्रजीच होतं म्हणे! विद्यापीठात इंग्रजीत पहिली आलेली मुलगी, आणि एक अक्षर कळलं नाही. मान हलवली आणि भलत्याच स्टॉपला उतरली. दोन बॅगा, पाऊस, चढाचा रस्ता. त्यात बॅगेचं हँडल तुटून हातात आलं. काळ्या मसाल्याची पिशवी फुटलेली, खालून मसाला गळतोय आणि फुटपाथवर भुरकी रेघ पडत चाललीय. लोक वळून बघतायत. एक बाई नाकाला रुमाल लावून रस्ता ओलांडून गेली. (तो मसाला मी दामटून भरला होता. मीच!)

तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि दोन मिस कॉल दिले.

"मुद्दाम नाही दिले गं. हात आपोआप गेला."

मग म्हणाली, "आई, मला घरी यायचंय. मला हे नाही जमणार. पप्पांना सांगू नकोस."

मी काय म्हणाले? "जेवलीस का?"

एवढी शिकवणारी बाई मी, दिवसभर चाळीस पोरांशी बोलते. आणि तेव्हा एवढंच.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ती परत आली तर काय होईल, याचाच विचार. शिष्यवृत्ती जाईल. सरकार एकदा देतं, दुसऱ्यांदा विचारत नाही. दांडेकर पुलाच्या वस्तीतल्या विहारात सत्कार झाला तेव्हा केवढी गर्दी. "आपल्या वस्तीतून परदेशी शिकायला जाणारी पहिली!" सासरे असते तर रडले असते. ती शाल अजून तिच्या कपाटात घडीची आहे. परत आली तर त्या लोकांसमोर मान वर करणार नाही, मी ओळखते तिला.

आणि तरी खरं सांगू? आज भाकऱ्या करताना सवयीने तिची पण केली, आणि वाटलं, मरो ती शिष्यवृत्ती. यावी.

समोरच्या ललिताताई जिन्यात भेटल्या. त्यांचा केयूर अमेरिकेत, सहा वर्षं झाली. "पहिला आठवडा रडतात हो सगळे. पुढे आपण रडायचं असतं." हसत म्हणाल्या. मला काही हसू आलं नाही.

यांनी सगळं कपाट उपसून ठेवलंय. शाळा सोडल्याचा दाखला हवा म्हणे. कशाला? "पेन्शनच्या कामाला." पोरगी तिकडे पायरीवर बसून रडतेय आणि यांना पेन्शन. आवरायला अर्थात मीच.

१४ सप्टेंबर, रविवार

सांगितलं. तिने नको म्हटलं होतं तरी यांना सांगितलं. एकटीने किती दिवस पोटात ठेवू?

यांनी पेपरची घडी घातली. "आता न्यायला जायचं वय राहिलं नाही तिचं."

"अहो, रडत होती ती!"

"रडेल. बाबासाहेब शिकायला गेले तेव्हा कुठे व्हिडिओ कॉल होता?"

मी म्हटलं, बाबासाहेबांना मध्ये आणू नका, त्यांच्याएवढं बळ सगळ्यांत नसतं. तर म्हणतात, "यायचंच असेल तर येईल. विमानतळ बघितलाय तिने."

दगड! दगडाशी संसार केला मी! हा माणूस अर्ध्या दाढीने पळत गेला होता हे खरं तरी होतं का? की मुलगी घरात होती तोवरच ती माया, आणि उंबरा ओलांडला की संपली?

दिवसभर बोलले नाही. यांच्या लक्षात आलं असेल असंही नाही. भात जरा गिजगोळा झाला एवढंच लक्षात आलं.

मी ठरवलंय. मी सांगणार तिला. ये म्हणून.

१५ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं. "दीक्षा, निघून ये. कोण काय म्हणेल ते मी बघते."

तर एकदम चिडली! "आई, तू असं कसं म्हणतेस? तू तरी 'नाही' म्हणायचं ना! तूच 'ये' म्हणालीस तर मी कोणाच्या जोरावर राहू इथे?"

आणि फोन ठेवला.

म्हणजे तिला माझ्याकडून 'नाही' ऐकायचं होतं. मला काय माहीत! आईने काय ओळखायचं तरी काय काय. लहानपणी दुखलं की दुखतं म्हणायची, सरळ होतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

फोन नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

फोन नाही. मेसेजवर निळ्या खुणा, उत्तर नाही. मतदार यादीच्या बैठकीत साहेब विचारत होते, "मॅडम, लक्ष कुठंय?" सांगितलं असतं, पण साहेबांचा भूगोल कच्चा.

१८ सप्टेंबर, गुरुवार

हे आज सुट्टी टाकून मुंढव्याला गेले. पांढरा शर्ट, इस्त्री, केसांना तेल. मुंढव्याला काय? "काम आहे." पेन्शनचं ऑफिस कधीपासून मुंढव्याला गेलं? विचारलं नाही. विचारायला अंगात बळ लागतं. सुट्टी घ्यायची तर परवा, पोरीशी बोलायला घ्यायची होती. तिथे पाटबंधारे खातं आडवं येतं!

संध्याकाळी आले ते जरा खुशीत. येताना मंडईतून सीताफळं आणली. दीक्षाला आवडतात म्हणून आम्ही आणत असू. आता कोण खाणार? दोघांनी एकेक खाल्लं, बिया मोजत बसलो.

२० सप्टेंबर, शनिवार

मिस कॉल! श्वास धरून बसले. दुसरा येतो का, दुसरा येतो का —

नाही आला. एकच!

मागून मेसेज: "लायब्ररीत पोचले. शनिवारीही उघडी असते. रागावू नकोस. तो ड्रायव्हर परत भेटला, आज अर्धं कळलं."

यांना दाखवला. "हं," म्हणाले. चष्मा काढून पुसला, परत घातला, मेसेज परत वाचला. मग म्हणाले, "अर्धंच?"

हसू आलं मला. किती दिवसांनी. तरी राग काही गेला नाही यांच्यावरचा. तो तिथल्या तिथे आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

रोज एक मिस कॉल येतो. कॉलेजला पोचले, खोलीवर पोचले. बॅगेचा वास गेला नाही म्हणे, सगळे कपडे मसाल्याचे. शेजारच्या खोलीतल्या मुलीने विचारलं, कसला वास आहे हा? हिने सांगितलं, घरचा. ती मुलगी नायजेरियाची, तिच्या बॅगेत सुक्या मासळीची पिशवी फुटली होती! दोघी हसत सुटल्या.

आज माझी कंबर फार धरली आहे. झोपते.

३० सप्टेंबर, मंगळवार

शाळेतून येऊन चहा टाकला तोच बेल वाजली. दारात पोलीस. माझा जीवच गेला!

"संजय धोंडिबा ओव्हाळ इथंच राहतात का?"

हे आतून लगबगीने आले. "या, या, साहेब. मीच." जसे काही वाटच बघत होते.

"पासपोर्टचं व्हेरिफिकेशन आहे. राहायला किती वर्षं इथं?"

पासपोर्ट! दाखला, मुंढव्याचं पासपोर्ट ऑफिस, इस्त्रीचा शर्ट. मी स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी.

हवालदारांनी सहज विचारलं, "कुठं चाललाय काका, फिरायला?"

"नाही हो. मुलगी आहे तिकडे. तिने दोन मिस कॉल दिले होते," हे म्हणाले, जणू हवालदारांना आमच्या घरची रीत ठाऊक आहे. "बोलावलं आणि कागद नाही म्हणून जाता आलं नाही, असं नको."

"मग कधी निघणार?"

"जायला लागलं नाही तर बरं."

चहा आधी पाहुण्यांना द्यायचा असतो. पहिला कप मी यांच्या हातात दिला.