कावळ्यासमोर दिलेला शब्द

१३ फेब्रुवारी १९४५, भिंगार
काल अंबिकेचा दहावा झाला. सीनेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. पाऊण तास बाभळीवर बसून होता. भटजी म्हणाले, बाईंची काही इच्छा राहिली असेल, बोलून टाका. मी चारचौघांत बोलणारा नव्हे. तरी हात जोडून म्हटलं, वर्षश्राद्धाच्या आत स्वतःचं घर बांधीन. सासूबाई शेजारी पदर तोंडाला लावून काहीतरी पुटपुटत होत्या. (बायका घाटावर येत नाहीत, पण त्या ऐकेनात.) थोड्या वेळाने कावळा उतरला. शब्दात वजन असलं की असं होतं.

१८ फेब्रुवारी
सासूबाई जामखेडला परत गेल्या. जाताना म्हणाल्या, "इंदूला नेते. दहा वर्षांची पोर, तिचं इथे कोण करील?" मी नको म्हटलं. आईविना पोर बापाजवळच हवी. शिवाय हे क्वार्टर फॅमिलीवाल्यांचं आहे. कुटुंब नसेल तर खाली करावं लागतं. पण तो विचार नंतरचा. टांगा बराच वेळ थांबवला होता त्यांनी.

२ मार्च
ऑफिसात शरच्चंद्र टेबलाशी आला. बाजारात भाड्याच्या एका खोलीत राहतो. म्हणाला, "नृसिंहराव, तुम्ही तीन खोल्यांत दोघं, आम्ही एका खोलीत सातजण. वहिनी गेल्याचं कळलं तेव्हा आमच्या मंडळींनी आधी क्वार्टरचंच विचारलं. खोटं कशाला बोलू?" लोकांना दुःखाची चाड नाही. फॉर्म नवा भरून दिला: कुटुंबातील माणसं, एक (मुलगी).

१ एप्रिल
नकाशा काढला. ओटा, माजघर, स्वयंपाकघर, देवघर. इंदूला अभ्यासाची खोली, दहा बाय आठ. तिला दाखवला. तिने विचारलं, खोलीला कडी आतून आहे का. पोरीला व्यवहार कळतो. पंचांग पाहिलं. यंदा अधिक महिना आहे, म्हणजे वर्षश्राद्धाला तेरा महिने. देवसुद्धा अनुकूल.

९ मे
जर्मनी शरण आला. सकाळीच आप्पासाहेबांकडे गेलो. जामखेड रस्त्याला त्यांचा प्लॉट आहे. म्हणाले, "घ्या की आत्ताच. जमीन काय गाईवानी वर्सावर्साला वितीय व्हय?" मी हसलो. लढाई संपली की पलटणी जाणार, भिंगार ओस पडणार, भाव निम्मे होणार. हे शेतकऱ्याला कसं कळावं? थांबायचं ठरवलं.

११ जून
शाळा सुरू झाली. इंदूला घातली नाही. स्वयंपाक, पाणी, रेशनची रांग, शाळेला वेळ उरत नाही. तात्पुरतंच आहे. नव्या घरात गेलो की एकदम वरच्या वर्गात घालीन. भाकरी आता बऱ्याच गोल होतात. मी तसं तिला सांगितलंही.

१६ ऑगस्ट
जपानही संपला. आता भाव पडणार. घाई करायची नाही.

७ ऑक्टोबर
पलटणी जाताहेत, पण सुटून आलेले शिपाई हातात पैसा घेऊन जमिनी विचारताहेत. ही लाट तात्पुरती आहे. दिवाळीनंतर ओसरेल.

१९ नोव्हेंबर
आप्पासाहेबांनी प्लॉट एका हवालदाराला दिला. म्हणाले, "तुमची वाट लई बघितली, रावसाहेब. त्यो आला, बघितला, खुंट्या ठोकून गेला. तुमी पाच येळा आला न् पाची येळा चहा पिऊन गेला." जागा पश्चिमेकडे उताराची होती. वास्तुशास्त्राला बरी नव्हतीच. सिमेंटच्या परमिटचा अर्ज मात्र चालू ठेवला आहे.

१४ डिसेंबर
इंदूचा हात पेजेने भाजला. रडली नाही. माझ्यावर गेली आहे. उद्या क्वार्टर तपासायला साहेब येणार, म्हणून पट्टी दिसू नये असं लांब बाह्यांचं पोलकं घालायला सांगितलं. नाहीतर लोक काहीही म्हणतात.

२० जानेवारी १९४६
ऑफिसात कपात होणार म्हणतात. माझं नाव असणं शक्य नाही. सासूबाईंचं पत्र आलं, श्राद्धाला येते म्हणून. नकाशा शाईने गिरवून ठेवला. घर नाही, पण घराचं मन आहे. गेलेल्या माणसाला तेवढं पोचतं.

२३ फेब्रुवारी
काल वर्षश्राद्ध झालं. जेवणं झाल्यावर मी सासूबाईंपुढे नकाशा उलगडला. शब्दाची आठवण करून दिली, कावळा कसा उतरला तेही. त्यांनी नकाशा घडी करून परत दिला. म्हणाल्या, "तुम्ही घर बोललात तेव्हा तो फांदीवरच होता, जावईबापू. चोच घाशीत होता. मी म्हटलं, अंबे, पोरीला या माणसाजवळ ठेवत नाही, मी नेते. तेव्हा उतरला. तुम्ही दुःखात आहात म्हणून मी वर्ष थांबले. आता तिच्या हाताकडे बघते तर वाटतं, थांबले ही चूक माझी."
म्हाताऱ्या माणसांना भास होतात. इंदूला विचारलं, तुला जायचंय का? ती आतून बोचकं घेऊन आली. आधीच बांधलेलं होतं. वेण्यांना रिबिनीही लावल्या होत्या. टांग्यात बसल्यावर म्हणाली, "बाबा, पीठ डब्यात आहे. मीठ वरच्या फळीवर." वळून पाहिलं नाही. वारा मागून होता, धूळ डोळ्यांत गेली असती.

१७ मार्च
क्वार्टर खाली केलं. शरच्चंद्र सातजणांसह आला. त्यांच्या मंडळींनी आल्याआल्या अंबिकेची तुळस हलवून तिथे भांडी घासायची जागा केली. त्याची बाजारातली खोली मी घेतली. मोजली. दहा बाय आठ. एकट्याला पुष्कळ. कडी बाहेरून आहे.

१९ मार्च
सकाळी खिडकीत कावळा आला. भाताचा घास ठेवला. इंदूला उन्हाळ्यात आणीन असं त्याला मोठ्याने सांगितलं. बराच वेळ पाहत बसला. शिवला नाही.
भात मीच केला होता. कच्चा राहिला असावा.