मैदानाच्या मधोमध

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला आता जरा वेळ लागतो. अकोल्याच्या आपल्या शाळेत तुम्ही खेळाचे सर होतात आणि मी डाव्या पायात कॅलिपर घालणारी मुलगी. तुम्ही लगेच ओळखाल, कारण तशी शाळेत मी एकटीच होते. पोलिओनं वाळलेला पाय, त्याला लोखंडी पट्ट्या आणि खाली जडसा बूट. आज मी अमरावतीत राजापेठेला राहते आणि मैदानं आखून पोट भरते. ऐकून तुम्ही हसला असतात. मलाही अधूनमधून हसू येतं.

आमच्या वस्तीतल्या मोकळ्या जागेवर मी एक मैदान आखलं. म्हातारे, बायका, पोरं, चाकाच्या खुर्चीवरची माणसं, सगळ्यांनी एकाच वेळी यावं, व्यायाम करावा, असं. खुर्चीत बसूनही हातानं फिरवता येईल असं एक मोठं चाक मी नकाशात अगदी मधोमध ठेवलं होतं, व्यायामाच्या बाकीच्या यंत्रांच्या घोळक्यात. वस्ती समितीच्या काकांनी नकाशावर बोट ठेवलं. "मॅडम, खुर्चीवाल्याइले मधात कावून टाकून राहिल्या? गर्दीत धक्का लागन. तिकडे निंबाखाली मस्त कोपरा देऊ त्याइले. सावली हाये, बाकडं टाकू, बोर्ड बी लावू." बाकीच्यांनी माना डोलावल्या. काका मनानं चांगले आहेत, तीच तर पंचाईत. वाईट बोलणाऱ्याशी भांडता येतं. इतक्या मायेनं बाजूला बसवणाऱ्याशी कसं भांडायचं, हे मला पन्नाशी उलटली तरी नीट जमत नाही.

तेव्हा मला तुमचा तो डॉजबॉलचा तास आठवला. उन्हं तापलेली, मैदानाच्या मातीचा नुसता फुफाटा. पोरींचं रिंगण झालंय आणि आत पळणाऱ्यांत मी आहे, पण नेहमीसारखी कच्चा लिंबू म्हणून. मला चेंडू लागला तरी मी बाद नाही, आणि माझ्याकडे कोणी नेम धरून टाकतही नाही. त्या दिवशी कोणाचा तरी नेम चुकतो आणि चेंडू माझ्या बुटावर आदळतो. खेळ थांबत नाही. तुमची शिट्टी वाजते. "औट." पोरी गोंधळतात. एक म्हणते, "सर, ते त कच्चा लिंबू हाये. तिचं चालते." तुम्ही म्हणता, "चेंडू लागला का नाही लागला? लागला. मंग औट. चाल व पोरी, बाहीर ये." मी रडत बाहेर येते, आणि तुम्ही वर मलाच रागावता, "रडून कावून राहिली? बाकीच्या औट झाल्या त रडतेत काय?"

मला तुमचा भयंकर राग आला होता. घरी आईनं विचारलं तर मी तुमच्या नावानं नाही नाही ते बोलले, जेवलेही नाही. पण पुढच्या तासाला रिंगणातल्या एका पोरीनं चेंडू उचलला आणि सरळ माझ्यावर नेम धरला. माझ्यावर. तोवर तसं कोणी केलं नव्हतं. मी घाबरले, कशीबशी अंग चोरून वळले आणि चेंडू बाजूनं निघून गेला. मी वाचले, सर. त्याआधी मी कधी वाचलेच नव्हते, कारण बाद व्हायचीच सोय नव्हती. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. मी शिकायला नागपूरला गेले आणि तुम्ही बाळापूरला तुमच्या घरी वारलात, ते मला फार उशिरा कळलं.

समितीपुढे मी हे सगळं सांगितलं. काकांनी नकाशा पुन्हा आपल्याकडे ओढला. मग म्हणाले, "ठेवा मंग मधात. पण कोनाले लागलं त आमाले बोलू नका." मोटारसायकली आत घुसू नयेत म्हणून दारात नागमोडी पाइप ठोकायचे ठरले होते. त्यातून खुर्चीही जाणार नव्हती, म्हणून तेही मी नकाशातून काढायला लावले. आता एखादा दीडशहाणा गाडी आत घालतो आणि लोक मला बोल लावतात. ते मी ऐकून घेते.

संध्याकाळी मैदान भरतं. इस्त्रीवाले एक भाऊ खुर्चीवरून येतात आणि ते मोठं चाक फिरवत बसतात. परवा बुरख्यातल्या एक बाई त्यांच्यापाशी ताटकळत उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "ओ भाई, कितना घुमाओगे? हमारा भी नंबर है." भाऊ कुरकुरले, खुर्ची मागे घेतली आणि बाईंनी चाक धरलं. कोणी कोणाला दया दाखवली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी खाली वाकून नटबोल्ट पाहू लागले.

त्या चाकाच्या शेजारी एक बसायचं यंत्र आहे. त्याची उंची मी माझ्या पायाच्या मापानं काढली होती, पण अजून एकदाही मी त्यावर बसलेले नाही. हातात टेप घेऊन मी कडेनं फिरते. बायका म्हणतात, "बसा ना मॅडम, खालीच हाये." मी म्हणते, उद्या, आज पाहणी आहे. पडायची भीती नाही वाटत, सर. बसले की शेजारची बाई बोलायला लागेल. आपल्याकडच्या बायका, पहिला नाही तर दुसरा प्रश्न हाच विचारतील, घरी कोण कोण असते? आई गेल्यापासून दाराचं कुलूप मीच लावते आणि मीच उघडते. हे चार बायकांत बोलायला माझी जीभ वळत नाही.

हे पत्र कुठे टाकणार? लिहून झालं की नकाशांच्या गुंडाळीत खोचून ठेवीन. फक्त एक तुम्हाला खरं सांगते. मैदानाचं काम पावसाळ्याआधीच संपलं. पाहणीला मला कोणी बोलावत नाही, मीच जाते.