तिसरा बांबू

भांडुप, २० ऑक्टोबर १९८६

चि. सुलू हिस आजीचे अ. उ. आ.

तुझ्या थोरल्या काकाबरोबर, लवूबरोबर, कंदील पाठवते आहे. कुठेतरी विसरेल, म्हणून पोचल्याचं लगेच कळव. बाजारात टांगलेत ते प्लॅस्टिकचे कंदील नव्हेत, उलटे डबे आहेत मेले. हा मी स्वतः केला. कामट्या तासताना तीन बोटं कापली. गेल्या दिवाळीला तुझ्या आजोबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून दार अंधारात राहिलं. यंदा तुमच्या नव्या घरात उजेड पडू दे. आजोबांचा कंदील दरवर्षी डावीकडे कलायचा आणि ते कबूल करायचे नाहीत. माझा सरळ आहे. खळ मैद्याची आहे, मुंग्यांवर लक्ष ठेवा.

गुडघे आहेत तसेच आहेत, विचारू नका.

तुझी आजी

बोरिवली, २४ ऑक्टोबर

ती. आजीस सुलूचा शि. सा. न. वि. वि.

कंदील पोचला. पप्पांनी लगेच गॅलरीत टांगून बघितला, झकास दिसत होता. पण चहा पिताना लवूकाका बोलून गेले की कामट्यांचा बांबू मयताच्या सामानातला आहे. शेजारच्या जयाकाकू तिथेच होत्या. अर्धा कप टाकून उठल्या. आईने कंदील उतरवला, गोणत्यात घालून जिन्याखाली ठेवला आणि प्लॅस्टिकचा आणला. म्हणते, नव्या घरात पहिल्याच सणाला अपशकुन नको. पप्पांनी तोच टांगला. आजी, काकांची चूक झाली एवढी एक ओळ लिही ना. आईला दाखवते, मग ती परत लावेल.

माझ्यावर रागावू नकोस, माया आहे तशी ठेव.

तुझी सुलू

भांडुप, २७ ऑक्टोबर

चि. सुलू हिस आशीर्वाद.

ती ओळ मी लिहिणार नाही. दोन यत्ता शिकले त्या खोटं लिहायला नव्हे. लवूला कुठे काय बोलावं कळत नाही, पण तो बोलला ते खरं आहे.

आजोबा गेले तेव्हा तुझ्या बापाने घाईत तीन बांबू आणले. दोन लागले, एक उरला. उरलेलं सामान घरात ठेवत नाहीत, हे मलाही कळतं गो. साऱ्या बायका टाक, टाक म्हणत होत्या. मी ठेवला. सव्वा वर्ष त्यावर कपडे वाळवले, कोणाची वाट लागली नाही. सरळ, वाळलेला बांबू. आजोबांनी बघितला असता तर आधी कोयता मागितला असता.

तुझ्या आईला, प्रेमाला म्हणावं, लग्न होऊन आलीस तेव्हापासून ज्यांच्या कंदिलाखाली रांगोळी घातलीस, त्यांच्याच नावाने आणलेला बांबू हा. ते आज अपशकुनी झाले? आणि त्या जयाचं काय गेलं? अर्धा कप चहा.

आता हे तुझ्या बापाला, नंदूला मोठ्याने वाचून दाखव. लवूने पुढे मडकं धरलं, आणि त्या दोन बांबूंना नंदूने भर रस्त्यातून खांदा दिला. तेव्हा कोणाला विचारलं नाही. तिसरा गॅलरीत टांगायला बायकोची परवानगी लागली? लावायचा नसेल तर परत पाठवा. माझ्या दाराला खिळा आहे.

आजी

बोरिवली, ३१ ऑक्टोबर

ती. आयेस नंदूचा सा. न. वि. वि.

सुलूने पत्र वाचलं. मोठ्यानेच वाचलं. मी खाली जाऊन कंदील आणला आणि लावला. प्रेमा वर बघत नाही, पण आज दारातली रांगोळी तिने गॅलरीत, बरोबर त्याच्याखाली घातली आहे.

तू काहीही म्हण आये, कंदील डावीकडे कलतो. मी सरळ केला नाही.

फराळाला ये. लवूला वाटेत गप्प बसवून आण.

नंदू