काळ्या शेवयांची पंगत

ता. वाळवा, मे १९९७

प्रिय प्रबुद्धदादा,

सप्रेम जयभीम. तू पाठवलेले कोरियाचे पार्कसाहेब दोन दिवस राहून परवा पुण्याला परतले. तुझ्या पैशातून उभ्या राहिलेल्या नव्या घराचं जेवण त्यांच्यासमोरच झालं. आईनं घरोघर आमंत्रण दिलं होतं. आपले अण्णा हयात होते तेव्हाही दिलं होतं, आणि वरच्या आळीचं कुणी जेवायला बसलं नव्हतं. लालासाहेब आबांचा तर आपण बोलावलं की नेमका उपवास असतो. या खेपेला आई हसत वावरत होती, पण घडीघडी दारात येऊन वरच्या आळीकडे बघत होती.

नव्या घरात राहायला जातोय हे कळताच पार्कसाहेब थेट चुलीपाशी गेले. त्यांच्याकडे घर बदललं की काळ्या रश्श्यातल्या शेवया खातात, असं त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं. मूळ पदार्थ चीनमधून बंदरावर आलेल्या हमालांचा; आज कोरियातलं कुठलंही पोर तो आपलाच म्हणेल. करीभाताचंही तेच. इथला मसाला इंग्रजांनी नेला, त्यांच्याकडून जपान्यांनी उचलला, आणि आता तो कोरियात घरोघरी शिजतो. मला इतकं बरं वाटलं की मी आईला ते दोनदा सांगितलं. त्यांनी आणलेल्या शेवया पुरेनात, तेव्हा आईनं आपल्या गव्हाच्या शेवयांचा डबा उघडला.

परदेशी पाहुणा रांधतोय म्हटल्यावर गाव लोटलं. आबाही आले. पार्कसाहेबांनी वाकून, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ताटली धरली. आता उपवास सांगायचा तरी कुठल्या भाषेत? आबा बसले, खाल्लं, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “आवं आक्काताई, आनि वाढा की. लय झ्याक झाल्यात.” मग सगळी वरची आळी बसली. आई वाढत होती आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की रडू आवरेना.

पाहुण्याच्या भिडेनं बसले असतील, हे मलाही कळतं. म्हणून लगेच लिहिलं नाही. पण आज सकाळी आबांच्या लीलाबाई एकट्याच आल्या. ना पाहुणा, ना काळा रस्सा. आपल्या सोप्यात बसून त्यांनी आईच्या हातची आमटी-भाकरी खाल्ली आणि उठताना म्हणाल्या, “आता पोरीच्या लग्नाला कवा बोलावताय?”

त्या गेल्यावर आईनं मला पत्र लिहायला बसवलं. माझ्या लग्नासाठी तू म्हणत होतास तसं इस्लामपुरात कार्यालय धरू नकोस, दादा. पंगत आपल्या दारात बसणार आहे, आणि वाढायला तू हवास.

तुझीच,
आम्रपाली